पुढच्या गाळ्यात पडणारं भोक

टाक नावाचा एक माणूस आला आणि सरळ जंग-ओकच्या स्टुलावर बसला.

उल्जिरोच्या त्या कारागिरांच्या गल्लीत दुसरं कुणी त्या स्टुलावर बसत नसे. पाच महिन्यांपूर्वी प्यो गिल-मानची बायको जंग-ओक गेली, तेव्हापासून ते गाळ्याच्या दाराशी तसंच होतं. वर निळी गादी. जंग-ओकच्या धाकट्या बहिणीनं, मल-सुकनं, शिवणकारखान्यातल्या चिंध्या भरून ती शिवली होती. समोरच्या ड्रिलवाल्या हामपासून जेवणाचे ट्रे पोचवणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्या स्टुलाला वळसा घालून आत येत. टाक परका होता. तो बसला, पायावर पाय टाकला आणि म्हणाला, "प्यो शेठ, काम आणलंय."

त्या गल्लीत सगळेच शेठ. एक लेथ, एक दिवा आणि स्वतःचे दोन हात एवढ्यावर माणूस तिथं शेठ होई. गिल-मान तेहेतीस वर्षं असा शेठ होता.

"कसलं काम?"

"पितळेचं. दोनशे चाळीस नग." टाकनं खिशातून कॅलेंडरचं एक पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र होतं. अंगठ्याएवढी वस्तू. खाली आटे, मध्ये पाना लागायला षटकोन, वर टोपीसारखा गोल माथा आणि माथ्यावर तीन खाचा. मापं नीट लिहिलेली होती. "आटे पक्के बसले पाहिजेत. बाकी काही नाही. मुलामाबिलामा, पुढचं सगळं मी बघतो."

गिल-मानचं लक्ष कागदावर नव्हतं, गादीवर होतं. टाकच्या पँटला तेलाचा डाग होता.

तीन आठवडे लेथ जवळजवळ बंद होतं. गल्लीतली निम्मी शटरं कायमची खाली आली होती आणि त्यांच्यावर गाळे पाडणाऱ्यांनी लाल रंगानं फुल्या मारल्या होत्या. राहिलेल्यांना जे मिळेल ते हवं होतं. टाकनं सांगितलेला भाव वाईट नव्हता. पण गिल-माननं भावासाठी मान हलवली असं म्हणता येणार नाही. त्याला हा माणूस तिथून उठायला हवा होता.

"करतो," तो म्हणाला. "आठवड्यानं या."

टाक उठला. गिल-माननं गादी झटकली.

जंग-ओक असती तर हे असं झालं नसतं. तिची सवयच वेगळी होती. गल्लीचा रिवाज असा की वस्तू शेवटी कशाला लागणार हे विचारायचं नाही. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं लेथवर आकार द्यायचा, तिसऱ्यानं भोकं पाडायची, चौथ्यानं मुलामा द्यायचा. प्रत्येकाला आपला घास माहीत, ताट कुणी बघत नसे. विचारलं तर गिऱ्हाइकाला वाटे, हा आपली वस्तू दुसऱ्याला दाखवणार. मग ते पुढच्या वेळी शेजारच्या गाळ्यात जाई. जंग-ओक मात्र कागदी कपात कॉफी ढवळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि विचारायची, "हे लागतं कशाला हो?" इतक्या भोळेपणानं विचारायची की माणूस सांगून टाकी. गिल-मान लेथमागे लाजून मान खाली घाली. पण एकदा तिच्या विचारण्यामुळेच कळलं होतं, की पातळ मागितलेली वाटी गॅसच्या शेगडीत जाणार आहे. मग त्यानं ती जाड केली होती.

टाकला कॉफी कुणी दिली नाही. त्याला कुणी काही विचारलंही नाही.

चित्रात भोक नव्हतं. हे गिल-मानच्या नजरेतून सुटलं असं नाही. त्यानं पाहिलं आणि पुढे गेला. असली वस्तू पोकळच असणार, आत काहीतरी बसवणार, हे त्याला न सांगता कळत होतं. पण भोक हे लेथवाल्याचं काम नव्हतं. तेहेतीस वर्षांत त्यानं हजारो भरीव नग करून पुढे दिले होते आणि भोक नेहमी पुढच्या गाळ्यात पडलं होतं.

त्यानं सहा दिवस काम केलं. बरं वाटलं. हात चालू असले की घरी जायची वेळ लांबते. प्रत्येक नगाच्या कडेवरून तो दोनदा कानस फिरवी. दुसरे लोक एकदाच फिरवत. पण झालेले नग पुसायचं काम जंग-ओकचं असे आणि एकदा धारेनं तिचा अंगठा कापला होता, तेव्हापासून तो दोनदा फिरवू लागला. आता पुसायलाही तोच होता, तरी हात दोनदाच फिरे.

पाचव्या दिवशी हाम दारात येऊन उभा राहिला. वाकलेला, सत्तरीचा, तोंडाळ माणूस.

"काय रे, एवढं पितळ? बुद्धाच्या देवळाला घंटा करतोस का?"

"गिऱ्हाइकाचं आहे."

"ते दिसतंय. गिऱ्हाइकाशिवाय तू स्वतःच्या शर्टाचं बटणसुद्धा लावत नाहीस." हामनं एक नग उचलला, तळहातावर झेलला. "जड आहे." मग तो जरा थांबला. भोकांसाठी नग आपल्याकडे येतील असं त्याला वाटत होतं. गिल-मान कानस फिरवत राहिला. "खालच्या गल्लीतल्या त्या लंगड्याकडे पाठवतोयस वाटतं? पाठव. त्याची ड्रिल वाकडी चालते, मला काय."

"मी कुणाकडेच पाठवत नाहीये. तो म्हणाला, बाकीचं तो बघतो."

"बघू दे बापडा," असं म्हणत हाम रुसून आपल्या गाळ्यात गेला.

आठवड्यानं टाक आला, चार पेट्या मोटारसायकलला बांधल्या आणि गेला. या वेळी तो बसला नाही. गिल-माननं स्टूल आधीच आत ओढून ठेवलं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत मल-सुक आली. ती छांगशिनच्या टेकडीवर एका शिवणकारखान्यात इस्त्रीवर होती. कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, सहा मशिनी आणि एक बॉयलर. तिथं शिवलेला कपडा खाली दोंगदेमूनच्या बाजारात जाई. बहीण गेल्यापासून ती दर आठवड्याला दाजींसाठी मुळ्याच्या किमचीचा, त्या आंबट-तिखट लोणच्याचा, डबा आणी आणि दर वेळी त्यांना बोल लावी.

"दाजी, मागचा डबा अजून भरलेला! मी काय बाजारात विकायला आणते का?"

"खातो गं."

"खाता कसले. गालफडं बघा. ताई असती तर लाटण्यानं बडवलं असतं तुम्हाला." ती स्टुलाकडे गेली, गादी सरळ केली आणि स्वतः मात्र पत्र्याच्या पेटीवर बसली. "मला लवकर जायचंय. थंडीच्या कोटांचा माल आहे. दोन इस्त्र्या दिवसभर चालू आहेत. पण एक बरं झालं, आमचा तो सापही गप्प झाला."

"कुठला साप?"

"बॉयलर हो! सगळा उन्हाळा फुसफुसत होता मेला. वरची झडप गळायची. जरा इस्त्री जोरात चालवली की हिस्स करून वाफ तोंडावर. आमची मालकीण योम बाई रोज शिव्या घालायची. मग एक दुरुस्तीवाला आला, नवी झडप बसवून गेला. बाजारभावाच्या निम्म्यात. आता आवाज म्हणून नाही. आणि वाफ अशी जोरदार, की सुरकुती बघता बघता जाते. मी म्हटलं, ही इस्त्री आधी कुठे होती?"

गिल-मान डबा फडताळात ठेवत होता. तो थांबला.

"कशी आहे झडप?"

"कशी म्हणजे? झडपेसारखी. चकचकीत. एवढी." तिनं अंगठा दाखवला.

"माथ्यावर खाचा आहेत?"

"आहेत ना. तीन." ती हसली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

तो रस्ता ओलांडून हामच्या दारात गेला.

"हाम, ते पितळेचे नग. त्यांना भोकं तू पाडलीस?"

"मी? ते तर तू त्या लंगड्याकडे..."

"मी कुठेही पाठवले नाहीत. तुझ्याकडे आले होते का? टाक आला होता का?"

"कोण टाक?"

गिल-मान धावत खालच्या गल्लीत गेला. लंगड्या ड्रिलवाल्यानं असले नग पाहिलेच नव्हते. तिथून परत येताना त्यानं टाकचा नंबर फिरवला. हा नंबर आता वापरात नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती.

हाम आपल्या दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. "गिल-मान," तो हळूच म्हणाला, "झडप आहे का ती? मी हातात घेतली होती. जड होती. मी काही बोललो नाही."

"मल-सुक," गिल-मान आपल्या गाळ्याकडे वळून म्हणाला, "कारखान्यात फोन कर. बॉयलर बंद करायला सांग. आत्ता."

"आत्ता? दाजी, दुपारी चारला ट्रक येणारे."

"कर म्हणतो ना!"

पंचवीस वर्षांत दाजींनी आवाज चढवलेला तिनं ऐकला नव्हता. तिनं फोन लावला. योम बाईचं बोलणं गिल-मानलाही ऐकू येत होतं. बॉयलर बंद कर म्हणे, वेड लागलंय का, तू आधी ये, दुसरी इस्त्री मी स्वतः चालवतेय. फोन आपटला.

गिल-माननं दोन पाने उचलले आणि मोठ्या रस्त्यावर जाऊन टॅक्सीला हात केला.

"टॅक्सी?" मल-सुक घाबरून म्हणाली. "बसनं दहा मिनिटं लागतात." मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि त्याच्यामागोमाग आत शिरली. टॅक्सीत थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दाजी, काय झालंय?"

"तुमची झडप गळत नव्हती," तो म्हणाला. "आतला दाब वाढला की वाफ सोडत होती. तिचं कामच ते. बॉयलर आपोआप बंद करणारा दाबाचा स्विच अडकत असणार, म्हणून ती फुसफुसायची. आता जी बसवलीय तिच्यातून वाफ जायला वाटच नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. ऊन स्वच्छ पडलं होतं. लोक पदपथावर उभ्यानं मासळीच्या वड्या खात होते.

टेकडीच्या चढावर टॅक्सी अडकली. पुढे मालाच्या मोटारसायकली उभ्या होत्या. ते उतरून चालू लागले. दोन्ही बाजूंना घरं एकमेकांच्या अंगावर कललेली आणि प्रत्येक तळमजल्याच्या खिडकीतून एक पाइप बाहेर आलेला. पाइपांतून पांढरी वाफ निघत होती. ही इस्त्र्यांची वाफ. गिल-मान लग्नाआधी जंग-ओकला भेटायला याच चढानं येत असे. तेव्हा त्याला ती वाफ भाताच्या पातेल्यासारखी वाटे.

कारखान्याच्या दारात मशिनींचा आवाज अंगावर आला. पाच बायका माना खाली घालून शिवत होत्या. कोपऱ्यात योम बाई बाह्या सरसावून इस्त्री दाबत होती. इस्त्रीच्या टेबलाखाली बॉयलर होता. हंड्याएवढा, डाव्या बाजूनं गंजलेला. वर ती झडप. चकचकीत, तीन खाचांची. तिच्यापासून हातभर अंतरावर योम बाईचे गुडघे होते.

गिल-मान खाली वाकला. झडपेच्या षटकोनाची कड त्याला स्पष्ट दिसली. कानस फिरवलेली होती. दोनदा.

दाबाचा काटा लाल पट्टीच्या पुढे गेला होता. तबकडीच्या शेवटच्या खिळ्याला टेकून तो थरथरत होता. बॉयलरमधून आवाज येत नव्हता. फक्त मधूनच पत्रा टक् करत होता, जसं कुणी नखानं वाजवावं.

त्यानं भिंतीवरचा खटका खाली ओढला.

"ए! कोण तुम्ही?" योम बाई ओरडली. "माझ्या कारखान्यात येऊन खटके पाडता?"

"बाई, हे माझे दाजी आहेत," मल-सुक म्हणाली.

"असतील तुझे दाजी! माझा ट्रक काय ते चालवणारेत?"

"सगळ्यांना बाहेर काढा," गिल-मान म्हणाला. "बॉयलरला हात लावू नका. झडप बंद आहे. काटा बघा."

योम बाईनं काटा पाहिला. रोज पाहत असणार. पण कुणीतरी बघ म्हटल्यावर बघणं वेगळं. तिनं इस्त्री जागेवर ठेवली आणि मागे सरली. "तो काटा बिघडलाय," ती म्हणाली, पण आवाज बसला होता. "दुरुस्तीवालाच म्हणाला, काटा बिघडलाय."

बायका उठल्या. एकीनं आपला चष्मा घ्यायला परत वळून शिवी खाल्ली. त्या बाहेर गेल्यावर गिल-माननं एक इस्त्री उचलली आणि तिची कळ दाबून धरली. वाफ सुटली. दुसरी इस्त्री मल-सुकनं उचलली.

"तू जा."

"एका इस्त्रीनं कधी रिकामा व्हायचा तो? मी बारा वर्षं हेच करतेय. तुम्हाला धड धरताही येत नाहीये, उलटी करा."

ते दोघं वाफेत उभे राहिले. खोली पांढरी झाली. शेजारी टांगलेले कोट दिसेनासे झाले. पत्रा टक् करी आणि दोघंही श्वास धरत. मल-सुक पुटपुटत होती. देवाचं नाव असेल असं त्याला वाटलं. मग कळलं, ती ताई, ताई म्हणत होती.

काटा हलायला बराच वेळ लागला. एकदा हलला तो हळूहळू उतरत शून्यावर आला. वाफ संपली तेव्हा त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. गिल-माननं पाना लावला. आटे पक्के बसले होते. त्यानंच तसे केले होते. दोन हातांनी जोर केल्यावर झडप सुटली. त्यानं ती चिंधीत धरली, दारापाशी गेला आणि उजेडाकडे धरून खालच्या टोकातून पाहिलं.

पलीकडचं काही दिसलं नाही. पितळच पितळ होतं, वरपासून खालपर्यंत.

योम बाई दारात उभी होती. बायका तिच्यामागे. "कोणी केलीय ही?" तिनं विचारलं. "कुठल्या हरामखोरानं?"

कुणालाच काही माहीत नव्हतं. नग खिशात घालून तो निघून गेला असता तरी चाललं असतं. मल-सुक त्याच्याकडे बघत होती. टॅक्सीतल्या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला आता मिळालं होतं.

"मी," गिल-मान म्हणाला. "लेथवर मी केली. भोक पुढे पडेल असं मला वाटलं."

सगळ्यात म्हातारी शिवणारी बाई उंबऱ्यावर मटकन बसली.

"कितीजणांकडे बसवल्यात त्यानं?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत," योम बाई म्हणाली. "दोन दिवस या टेकडीवर फिरत होता. शेजारच्यांना मीच त्याचं नाव सांगितलं. दोन गिऱ्हाइकं आणून दिली तर माझे पैसे परत, म्हणाला." तिनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढला. "तुम्ही किती केल्या होत्या?"

त्यानं आकडा सांगितला. त्यानं खिशातून फोन काढला तेव्हा योम बाईनं त्याचं मनगट धरलं.

"कुणाला लावताय? अग्निशमनाला? अहो शेठ, इथं कुणाची नोंद आहे का? कुणाकडे कागद आहे का? ते आले की टेकडीवरच्या प्रत्येक दाराला टाळं लावतील. थंडीचा माल आहे. या बायका वर्षाचं याच दोन महिन्यांत कमावतात. आपण दारोदार जाऊन सांगू. आपल्यातच ठेवू."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मल-सुकही त्याच बायकांतली होती. गिल-माननं तिच्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात वाफेनं लाल झाला होता.

"लावा," मल-सुक म्हणाली.

त्यानं फोन लावला. आपलं नाव सांगितलं, गाळ्याचा पत्ता सांगितला, काय केलं ते सांगितलं. पलीकडच्या माणसानं दोनदा विचारलं, म्हणजे तुम्ही स्वतः? त्यानं दोनदा हो म्हटलं. मग हामला फोन करून मोठे पाने घेऊन यायला सांगितलं. हाम म्हणाला, "निघालोच," आणि एकही विनोद केला नाही. योम बाई शिव्या देत रडत होती. रडता रडताच तिनं शेजारच्या घराकडे बोट दाखवलं आणि एका शिवणारीला तिकडे पिटाळलं.

गिल-मान आणि मल-सुक चढावर निघाले. गाड्यांना या गल्ल्यांतून वर यायला वेळ लागणार होता.

पहिल्या दारापाशी तो थांबला आणि कान दिला. आतून मशिनींच्या आवाजाखाली हिस्स असा फुसकारा आला. जुनी झडप होती, गळकी. त्याला आयुष्यात कुठल्या आवाजानं इतकं बरं वाटलं नव्हतं. "हे ठीक आहे," तो म्हणाला. "पुढे चल."

दुसऱ्या घरातूनही फुसकारा आला. तिसऱ्यातून आला नाही.

त्या खिडकीच्या पाइपातून वाफ जोरात निघत होती. आत मशिनी चालू होत्या, रेडिओ लागलेला होता, कुणीतरी खो-खो हसत होतं. त्यानं दार ठोठावलं. मशिनींच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मल-सुक खिडकीकडे धावली आणि तळव्यानं काच बडवू लागली. वरच्या गल्लीत, त्याच्याही वरच्या गल्लीत, टेकडीच्या टोकापर्यंत पाइपांतून वाफ निघत होती, आणि इथून कान दिला तरी कुठली खिडकी फुसफुसतेय आणि कुठली गप्प आहे हे कळत नव्हतं.

"अहो, दार उघडा!" गिल-मान ओरडला. "तुमच्या बॉयलरवर कसली झडप आहे? कुणी बसवली? कधी बसवली?"

आत कुणीतरी रेडिओ मोठा केला. त्यानं पाना उलटा धरला आणि दारावर पुन्हा मारला.